शाळा उघडली, वर्ग कधी उघडणार?

जूनचा मध्य आला की सोलापुरातल्या शाळांना तोरणे लागतात. पहिलीच्या लेकरांना गुलाबाचे फूल देऊन, कुठे बैलगाडीतून मिरवत वर्गात आणले जाते. पुढारी येतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी ते छापूनही येतात. या प्रवेशोत्सवाला आमचा मुळीच विरोध नाही. लेकराचे स्वागत व्हायलाच हवे. आमचा प्रश्न तिसऱ्या दिवसाचा आहे. तोरण सुकते, फोटोवाला निघून जातो, वर्गाचे दार लोटले जाते आणि आत एक शिक्षक व तीस-चाळीस लेकरे उरतात. त्या लोटलेल्या दाराआड बुधवार पेठेतल्या, सेटलमेंटमधल्या, विडी घरकुलातल्या लेकरांच्या वाट्याला काय येते? शाळा उघडली हे खरे; पण वर्ग त्यांच्यासाठी उघडला काय?

आमच्या वस्तीतले पोर आठवी-नववीत शाळा सोडते तेव्हा सगळे म्हणतात, त्याला शिक्षणाची आवडच नव्हती. हे साफ खोटे आहे. पोर शाळा सोडते नववीत, पण त्याला शाळेबाहेर काढण्याची सुरुवात पहिल्या पंधरवड्यातच झालेली असते. त्याला कुठे बसवले, कोणत्या नावाने हाक मारली, त्याच्या बोलण्याला कोण हसले, झाडू कोणाच्या हाती दिला, फळ्याजवळ कोणाला बोलावले, या लहानसहान गोष्टींतून लेकराला आपली पायरी कळते. म्हणून शिक्षणावरच्या मोठमोठ्या घोषणा बाजूला ठेवून आम्ही आज वर्गातल्या साध्या कामांबद्दल लिहीत आहोत. ही कामे करायला शासनाचा आदेश लागत नाही, निधी लागत नाही, संगणक लागत नाही. फक्त शिक्षकाचे मन लागते.

बाबासाहेबांच्या शाळेची आठवण आपण दर जयंतीला सांगतो. पण ती आठवण शिक्षकाच्या नजरेने आपण वाचली आहे काय? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले. त्या शालेय जीवनात बाबासाहेबांच्या वाट्याला काय आले? बसायला घरून नेलेले गोणपाट, तेही इतरांपासून वेगळे. तहान लागली तर शिपायाने वरून ओतले तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकाने गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी ते हलवायला एकच धाव घेतली. जागा, पाणी आणि फळा! या तीनच वस्तूंनी एका लेकराला सांगितले की तू आमच्यातला नाहीस. आणि या तीनही वस्तू आजही प्रत्येक वर्गात आहेत. गोणपाट गेले असेल, पण शेवटचा बाक गेला काय?

त्याच बाबासाहेबांच्या आयुष्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे गुरुजीही आले. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपणहून चौकशी केली, १९०७ साली तो मॅट्रिक झाल्यावर सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत जाणाऱ्या वाटेवर एका शिक्षकाने दिलेले एक पुस्तक आहे, हे शिक्षकांनी विसरू नये. शिक्षक तोडूही शकतो आणि घडवूही शकतो. मधला रस्ता नाही.

सोलापूरचे तर या बाबतीत विशेष ऋण आहे. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. बाबासाहेबांनी मोठ्या आंदोलनाआधी वसतिगृह का उघडले? कारण पोराला शाळेत नाव घालून भागत नाही. त्याला बसायला जागा, पोटाला भाकर आणि रात्री दिव्याचा उजेड लागतो, हे त्यांना ठाऊक होते. त्या वसतिगृहाला शंभर वर्षे होऊन गेली. त्या सोलापुरातल्या शिक्षकांपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवत आहोत.

पहिली गोष्ट नावाची. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येक लेकराचे नाव पाठ करा. आडनावाने हाक मारणे बंद करा, कारण आपल्याकडे आडनाव म्हणजे जातीचा दाखलाच असतो. काळ्या, जाड्या, गबाळ्या ही टोपणनावे तर शिक्षकाच्या तोंडी शोभतच नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येकाने आपले नाव मोठ्या अक्षरात लिहावे, कागद मधोमध दुमडून समोर उभा करावा. पंधरा दिवसांत शिक्षकाला नावे येतात आणि लेकरालाही कळते की आपल्याला नाव आहे. हजेरी घेताना मान वर करून, त्याच्याकडे पाहून नाव घ्या. तेवढ्याने सुद्धा फरक पडतो.

दुसरी गोष्ट जागेची. पहिल्या दिवशी जो जिथे बसला तो वर्षभर तिथेच बसतो आणि मागचे बाक कोणाच्या वाट्याला येतात हे सांगायला ज्योतिषी नको. दर सोमवारी रांग एक बाक पुढे सरकवा. पहिली रांग शेवटी जाईल. त्याचा तक्ता भिंतीवर लावा, म्हणजे मुलेच आठवण करून देतील. ज्याला कमी दिसते, कमी ऐकू येते त्याला मात्र कायम पुढे ठेवा. वर्षाअखेर प्रत्येक लेकरू पुढच्या बाकावरही बसलेले असेल आणि प्रत्येकाचा शेजारी बदललेला असेल.

तिसरी गोष्ट फळ्याची. आपल्या वर्गात उत्तर कोण देतो? तीच पाच-सहा मुले. बाकीची वर्षभर प्रेक्षक! एका पत्र्याच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. प्रश्न आधी विचारा, मनातल्या मनात पाच आकडे मोजा आणि मग चिठ्ठी काढा. प्रश्न विचारल्याबरोबर उत्तर मागितले तर ज्याच्या घरी शिकवणी आहे तोच बोलणार. पाच आकडे थांबलात तर ज्याच्या घरात पुस्तकच नाही त्यालाही विचार करायला सवड मिळेल. चुकले तर सोबतीला एकाला बोलावू द्या. आणि पंधरवड्यातून एकदा तरी प्रत्येक लेकराच्या हाती खडू आला पाहिजे, याची खूण वहीत करा. ज्याच्या नावापुढे खूण नाही, त्याच्यासाठी तुमचा वर्ग अजून उघडलेलाच नाही असे समजा.

चौथी गोष्ट झाडूची आणि घागरीची. वर्ग कोण झाडतो? पाणी कोण भरतो? पाहुण्यांना चहा कोण नेऊन देतो? घंटा कोण वाजवतो आणि परिपाठात सूत्रसंचालन कोण करतो? एक आठवडा नुसते लिहून काढा. अनेक शिक्षकांना आपल्याच वर्गात मनूचा कायदा चालू असलेला दिसेल, आणि तो त्यांनी मुद्दाम लावलेला नसेल. तो आपोआप लागतो, हेच तर त्या कायद्याचे बळ आहे. त्यावर उपाय एकच, हजेरी क्रमांकाप्रमाणे कामाची पाळी. मुलगेही झाडतील, मुलीही घंटा वाजवतील आणि ज्या दिवशी पाळी संपेल त्या दिवशी गुरुजीही झाडू हाती घेतील. संडास-मुतारीची सफाई मात्र कोणत्याही लेकराकडून, कोणत्याही कारणाने करून घेता कामा नये.

पाचवी गोष्ट आम्ही अनुभवाने सांगत आहोत. आम्ही पाचवीत होतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात आवाज यायचा, "मागासवर्गीय मुलांनी उभे राहा." आम्ही सहा-सात जण उभे राहायचो. सगळा वर्ग मागे वळून पाहायचा. कोणीतरी हळूच "फुकटे" म्हणायचे आणि बाकावर हसू फुटायचे. आमच्या शेजारी बसणारा मित्र दुसऱ्या वेळी उभाच राहिला नाही. त्याचा फॉर्म भरला गेला नाही, पैसे आले नाहीत, वह्या आल्या नाहीत, आणि सातवीनंतर तो यंत्रमागावर गेला. गणितात तो आमच्या पुढे होता. पुढच्या वर्षी दुसरे गुरुजी आले. त्यांनी कोणालाही उभे केले नाही. मधल्या सुट्टीत एकेकाला व्हरांड्यात बोलावले, स्वतः फॉर्म भरला आणि खाली फक्त सही घेतली. काम तेच, कागद तोच. पण एका पद्धतीने पोर घरी बसले आणि दुसऱ्या पद्धतीने पोर वकील झाले. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे, वर्गात जात विचारू नका. यादी कार्यालयात आहे. पालकांना निरोप द्या, एकट्याला बोलावा. सवलत हा संविधानाने दिलेला हक्क आहे, ती भीक असल्यासारखी वाटू नका.

त्याच्याच जोडीला जनरल रजिस्टर. वकिलीच्या धंद्यात आमच्याकडे किती तरी माणसे येतात, ज्यांचे नाव, जन्मतारीख किंवा जात शाळेच्या रजिस्टरात चुकीची पडलेली असते. अडाणी बापाला विचारायचे कष्ट न घेता कोणीतरी एक जून ही तारीख ठोकून दिलेली असते. शाळा सोडल्यावर ती नोंद दुरुस्त करणे किती अवघड असते, किती हेलपाटे पडतात, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. प्रवेशाच्या दिवशी पालकांना बाजूला बसवून नोंद वाचून दाखवा आणि मगच सही किंवा अंगठा घ्या. बौद्ध पालक धर्म बौद्ध सांगत असेल तर सवयीने हिंदू लिहू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींचे हक्क मिळाले आहेत. तेव्हा बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, अशी भीती पालकांना घालू नका. मात्र जातीचा रकाना वडिलांच्या कागदपत्रांवरून नीट भरा. दोन्ही नोंदी नेटक्या असतील तर पुढे लेकराचे हाल होत नाहीत. आणि जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला उशिरा येणार आहे म्हणून शिक्षण हक्क कायद्याखालच्या लेकराचा प्रवेश नाकारता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

सहावी गोष्ट भाषेची आणि ती खास सोलापूरची आहे. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एका गल्लीत नांदतात. विडीच्या आणि मागाच्या कामासाठी आलेल्या तेलुगू कुटुंबांची नातवंडे मराठी शाळेत बसतात. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची मुले घरी कन्नड बोलतात. सेटलमेंटमधली कित्येक मुले घरात आपल्या जमातीची बोली बोलतात. पहिल्या दिवशी यातले लेकरू गप्प बसते आणि शिक्षक शेरा मारतो, मंद आहे! ते मंद नाही, ते भाषांतर करते आहे. भिंतीवर एक शब्दतक्ता लावा. मराठीत पाणी, कन्नडात नीरु, तेलुगूत नीळ्ळु, उर्दूत पानी. मराठीत घर, कन्नडात मने, तेलुगूत इल्लु. रोज दोन शब्द मुलांकडूनच मागा. ज्या दिवशी तेलुगू बोलणारी पोर गुरुजींना शब्द शिकवेल, त्या दिवशी ती शाळेत खऱ्या अर्थाने दाखल झाली. मुलाच्या मातृभाषेचा आग्रह संविधानाच्या कलम ३५० अ मध्ये आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही आहे. आणि वस्तीतले पोर 'पाणी'ला 'पानी' म्हणाले म्हणून त्याला वर्गात हसू नका, कोणाला हसू देऊ नका. ण आणि न यांच्या फरकावर या देशात माणसाची लायकी ठरवली गेली आहे. लिहिताना प्रमाण मराठी जरूर शिकवा, ते त्यांचेही आहे. पण त्यासाठी त्यांच्या आईची भाषा अशुद्ध ठरवू नका.

सातवी गोष्ट वाचनाची. चौथी-पाचवीतल्या कित्येक लेकरांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे शिक्षकांना ठाऊक असते. पण पुस्तक पुढे सरकतच राहते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक लेकराला तीन मिनिटे जवळ बसवा. अक्षर वाचता येते का, शब्द येतो का, सोपा उतारा येतो का, गोष्ट येते का, एवढेच पाहा. रोज एक तास इयत्ता विसरून ज्याला जे येते तिथून त्याला शिकवा. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. पण एक धोका सांगितला पाहिजे. हे गट म्हणजे नव्या जाती होऊ देऊ नका. 'ढ गट', 'हुशार गट' ही नावे नकोत. गट त्या एका तासापुरतेच आणि दर महिन्याला पुन्हा तपासून बदलायचे. जो गट बदलत नाही त्यालाच आपल्या देशात जात म्हणतात.

आठवी गोष्ट खिचडीची. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. न्यायालयाला हे का सांगावे लागले, याचा विचार करा. एका पंगतीत, हजेरी क्रमांकाप्रमाणे बसवा. ताटे एकत्र ठेवा. वाढायला पाळी लावा आणि शिक्षकांनी त्याच पंगतीत बसून तीच खिचडी खावी. समतेवर दहा भाषणे देण्यापेक्षा हा एक घास मोठा आहे.

नववी गोष्ट घरच्या अभ्यासाची. ज्या घरात एका खोलीत सहा माणसे, आई सुपात विड्या वळते आणि थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसते, त्या घरात दोन पाने गृहपाठ कुठे करायचा? गृहपाठ झाला नाही म्हणून छडी मारणे म्हणजे गरिबीबद्दल शिक्षा देणे होय. कलम १७ ने तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. शेवटचा अर्धा तास शाळेतच अभ्यासाला द्या. उशिरा आलेल्या लेकराला दाराबाहेर उभे करण्याआधी उशीर का झाला हे एकदा विचारा. सलग तीन दिवस गैरहजर असेल तर निरोप धाडू नका, स्वतः घरी जा. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. ऊसतोडीला जाणारी आणि येणारी कुटुंबे आहेत. दसरा-दिवाळीनंतर कोणते घर गाव सोडणार हे शिक्षकाला जूनमध्येच विचारता येते. त्याची यादी आताच करा, हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करा आणि जाणाऱ्या लेकराच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथे फड पडेल तिथली शाळा त्याला परत पाठवणार नाही.

दहावी गोष्ट संविधानाची. परिपाठात उद्देशिका म्हटली जाते, चांगली गोष्ट आहे. पण पाठ म्हटलेली उद्देशिका आणि पाठ म्हटलेला मंत्र यांत फरक काय राहिला? एका आठवड्याला एक शब्द घ्या. न्याय म्हणजे काय, हे मुलांना खेळातल्या भांडणावरून विचारा. पहिल्याच आठवड्यात वर्गाचे नियम मुलांकडून करून घ्या, त्यावर सगळ्यांनी सही करावी आणि ते नियम शिक्षकालाही लागू असावेत. कोपऱ्यात एक प्रश्नपेटी ठेवा. नाव न लिहिता प्रश्न टाकता आला पाहिजे. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे कलम ५१ अ मधले कर्तव्य आहे आणि तथागतांनीही कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हीच शिकवण दिली. शाळा उघडून पंधरा दिवस होत नाहीत तोच २६ जून येतो, राजर्षी शाहूंची जयंती. हार घालून मोकळे होऊ नका. १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या या राजाच्या निमित्ताने मुलांना एक काम द्या: आपल्या घरातले शाळेत गेलेले पहिले माणूस कोण, ते विचारून या. कोणी आजोबांचे नाव आणील, कोणी आईचे, आणि कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या घरात मीच पहिला." त्या लेकरासाठी सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवाव्यात. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दाम्पत्याच्या शाळेतली लहानशी मुलगी होती. तिला लिहू दिले म्हणून तो निबंध झाला. तुमच्या वर्गातली मुक्ता कोणत्या बाकावर गप्प बसली आहे?

कोणी म्हणेल, शिक्षकाला शिकवू देतात कोण? ही तक्रार खरी आहे आणि आम्ही ती टाळणार नाही. माहित्या, ऑनलाइन अर्ज, सर्वेक्षणे, मतदारयाद्या यांतच त्याचा दिवस जातो. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत, तरीही ती दिली जातात. २०२३ साली तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा घाट घातला गेला. वाडी-वस्तीवरची शाळा दूर गेली तर पहिली मुलगी घरी बसते, हे मंत्रालयात बसून कळत नाही. या प्रश्नांवर शिक्षक रस्त्यावर उतरले तर चळवळीने त्यांच्या खांद्याला खांदा लावला पाहिजे. पण वर सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी एकीलाही सरकारने अडवलेले नाही, हेही तितकेच खरे आहे. याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी जगाने त्यांचे कौतुक केले. आम्हाला त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट: १० लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. आपल्याजवळ आहे ते वाटणे, हाच शिक्षकाचा धर्म.

आता दोन शब्द आमच्या माणसांना. बाबासाहेबांच्या संघर्षामुळे आमच्या समाजात हजारो शिक्षक झाले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली होती की प्राथमिक शाळांचे शिक्षक कष्टकरी वर्गातून आलेले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. फुल्यांची ती मागणी तुमच्या रूपाने पुरी झाली. पण तुम्ही मिसळता काय? पगार जिल्हा परिषदेच्या शाळेचा घ्यायचा आणि स्वतःचे पोर इंग्रजी शाळेत घालून वस्तीतल्या पोराला 'यांचे काही होणार नाही' म्हणायचे, हे पे बॅक टू सोसायटी नव्हे! आपले पोर कुठे शिकवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्या लेकरामुळे आपली चूल पेटते त्याच्यावर विश्वास तरी ठेवा.

आणि समाजबांधवांनो, सगळा भार शिक्षकावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यात प्रमाणशीर स्थान असावे, असे कलम २१ सांगते. ही समिती कागदावर कोणी भरली, तुम्हाला ठाऊक आहे काय? जूनच्या पालकसभेला जा. मजुरी बुडते हे आम्ही जाणतो, म्हणून शिक्षकांनाही सांगतो की सभा संध्याकाळी घ्या. वस्तीतले विहार सायंकाळी सहा ते आठ अभ्यासिका म्हणून उघडा. दिवा, सतरंजी आणि दोन कॉलेजकुमार एवढेच लागते. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वर्षभराच्या वह्या-पेन्सिलींना पुरेल. सोलापुरात १९२५ साली फाटक्या खिशाच्या माणसांनी वसतिगृह चालवले. आज आपले खिसे तेवढे फाटके नाहीत.

शिक्षकबंधू-भगिनींनो, उद्या वर्गात जाल तेव्हा दाराशी क्षणभर थांबा आणि तीनच गोष्टी पाहा. शेवटच्या बाकावर कोण बसले आहे? पाण्याच्या माठाजवळ कोण दबकून उभे आहे? आणि फळ्याजवळ आजवर कोण आलेच नाही? त्या लेकराला नावाने हाक मारा आणि त्याच्या हाती खडू द्या. सव्वाशे वर्षांपूर्वी साताऱ्यात गोणपाटावर बसलेल्या एका लेकराने या देशाचे संविधान लिहिले. तुमच्या हाताखाली कोण बसले आहे हे तुम्हाला आज ठाऊक नाही. म्हणूनच एकालाही हातचे जाऊ देण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

जयभीम!